एकेकरावांची जबानी

आमच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्त करणारी तीन दुकानं आहेत. त्यातल्या दोन दुकानांत अर्ध्या तासात लॅपटॉप परत मिळतो. तिसरं दुकान एकेकरावांचं. तिथे पहिल्या अर्ध्या तासात लॅपटॉपची बॅगसुद्धा उघडत नाही.

मी शेजारी चष्मे बनवतो. आमच्या दुकानांच्या मध्ये प्लायवूडची आडभिंत आहे आणि तिच्या वरच्या भागात काच आहे. त्या काचेतून मी त्यांना गेली बावीस वर्षं पाहतो आहे. शिवाय ते माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, नवरे. म्हणजे त्यांची चेष्टा करणं हे नात्याने माझं कामच, आणि शेजार असल्यामुळे त्याला माल कधी कमी पडत नाही.

एकेकराव हे नाव मीच ठेवलं. तोंडावर मी भाऊजी म्हणतो, पण गल्लीत आता सगळे तेच नाव घेतात. त्यांचा नियम असा की बिघडलेल्या यंत्रात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की यंत्र वीस वेळा बंद-चालू करायचं, काय झालं ते लिहून ठेवायचं, फरक पडला नाही तर ती गोष्ट होती तशी करायची आणि मगच दुसरीला हात घालायचा. बाकीची दोन दुकानं सरसकट सगळं पुसून नव्याने भरून देतात. 'फॉरमॅट मारला' असं ते म्हणतात, आणि म्हणताना मोठे खुशीत असतात. एकेकरावांना तो शब्द ऐकला तरी चहा कडू लागतो.

"बरा झाला, मान्य. पण कशाने बरा झाला?" ते मला विचारतात.

"गिऱ्हाइकाला काय करायचंय त्याच्याशी?"

"त्याला नसेल. मला करायचंय."

माणूस दुकानात असतो तसाच घरीही. पिशवीतून भाजी काढतील ती एकेक. तोंडात घास असेल तर बोलणार नाहीत, आणि बोलत असतील तर घास घेणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याबरोबर जेवायला बसलं की आपलं ताट धुऊन होतं तरी त्यांची कोशिंबीर शिल्लक असते. एकदा मी विचारलं, लग्नाला होकार दिलात तेव्हा किती दिवस घेतलेत? ताई आतून म्हणाली, "पाच महिने. आणि मधे एकदा होता तसा करून ठेवला होता." आम्ही दोघं हसलो. ते हसले नाहीत, पण त्यांनी ते नाकारलंही नाही.

आता जबानीबद्दल सांगायला हवं. दुकानात लॅपटॉप आला की एकेकराव त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आधी माणसाला बसवतात. त्यासाठी एक लाकडी स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. समोर जाडजूड वही. वहीत प्रत्येक यंत्राला एक पान. पानाच्या वरच्या भागात माणसाचं म्हणणं, खालच्या भागात त्यांचे प्रयोग. वरचा भाग पुरा झाल्याशिवाय खालच्या भागाला पेन लागत नाही. प्रश्न ठरलेले. हे कधीपासून होतंय? त्याआधी यंत्र शेवटचं पूर्ण बंद कधी केलं होतं? ते कुठे ठेवलेलं असतं आणि त्याला काय काय जोडलेलं असतं? याआधी कुणी हात लावला? आणि शेवटी, आणखी काही सांगायचंय? सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहितात, माणसाच्या शब्दांत, आणि सही घेतात. लोकांना पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं, म्हणून मी त्याला जबानी म्हणायला लागलो.

'कुणी हात लावला' या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, "छे, कुणीच नाही." एका वकिलाने हे तीनदा सांगितलं. उघडलं तर आत स्क्रूच्या जागी काडेपेटीची काडी खोचलेली. एकेकरावांनी वकिलाचं म्हणणं लिहिलं आणि काडीही त्याच पानाला चिकटवली.

हे सगळं खरं तर मला चिडवण्यापुरतं पुरेसं होतं. पण गेल्या वर्षी ताईचा लॅपटॉप बिघडला.

ताई दात बनवते. म्हणजे डॉक्टर लोक तोंडाचा स्कॅन पाठवतात, ती तो लॅपटॉपवर उघडते आणि त्यात बसेल अशी कॅप किंवा ब्रिज पडद्यावर घडवते. मग मागच्या खोलीतलं कोरायचं यंत्र ती एका पांढऱ्या वडीतून कोरून काढतं. बारा वर्षं ती एका डेंटल लॅबमध्ये नोकरीला होती, मग आठ वर्षांपूर्वी घरीच सुरू केलं. तिला माणसांची नावं कळत नाहीत, फक्त जबडे कळतात. एकदा आम्ही बँकेत रांगेत उभे होतो, पुढचा माणूस कशावर तरी मोठ्याने हसला, तर ताई माझ्या कानात म्हणाली, "डावीकडचा सुळा माझा आहे." दिवसभर खूश होती.

तिचा लॅपटॉप साधा नाही. त्यात चित्र काढणारी दोन कार्डं आहेत. एक छोटं, आतच बसवलेलं, कमी वीज खाणारं. पत्र लिहा, फोटो बघा, ते पुरतं. दुसरं मोठं, दातासारखं काम गोल फिरवून सगळीकडून बघायचं असेल तेव्हाच जागं होणारं. मला एकेकरावांनी हे समजावलं तेव्हा मी म्हणालो, म्हणजे जवळचा चष्मा आणि लांबचा चष्मा एकाच नाकावर. ते म्हणाले, हो, आणि चष्मा बदलताना मधे एक क्षण माणूस आंधळा असतो ना, तसा लॅपटॉप सुरू होताना एक क्षण असतो; पडदा कुणी धरायचा हे तेव्हा ठरतं. या कार्डांना चालवणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो पडला तर त्याच क्षणाला पडतो.

तर पडला. ताई आणि भाऊजी तीन दिवस लेकीकडे जाऊन आले होते. सोमवारी सकाळी ताईने बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, गोल फिरायला लागलं आणि पडदा निळा झाला. निळ्यावर दिलगिरीचं एक वाक्य. मग आपोआप पुन्हा सुरू, पुन्हा गोल, पुन्हा निळा. कामं साचलेली होती, मंगळवारपर्यंत सहा दात द्यायचे होते.

यावर फॉरमॅट हा इलाज नव्हता. ताईचं दात घडवायचं सॉफ्टवेअर त्या एका यंत्राला बांधलेलं होतं, विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती, आणि पुसलं की ते कायमचं गेलं. दुसरा लॅपटॉप घेऊनही उपयोग नव्हता. म्हणजे जगात हे काम एकाच माणसाकडे नेण्यासारखं होतं, आणि तो माणूस तिच्याच घरात दाढी करत होता.

त्यातच एक पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने ताईला बोलावलं होतं. सहा तासांचा प्रवास. आठवड्यातले पाच दिवस तिथेच राहायचं, खोली ते देणार. याआधी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. हे तिसरं पत्र लेकीकडून परत आल्यावर दारात पडलेलं मिळालं, आणि उत्तर येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी द्यायचं होतं. ताई जेवताना माझ्यासमोर म्हणाली, "तोपर्यंत हे सुरू झालं तर नाही लिहीन. नाही झालं तर जाते. घरी बसून काय करू?"

एकेकराव घास चावत होते. गिळल्यावर म्हणाले, "होईल."

मला वाटलं होतं की ते आणखी काही बोलतील. पण त्यांनी पुढचा घास घेतला.

पहिल्याच दिवशी त्यांनी ताईच्या टेबलावरच्या सगळ्या वायरी काढल्या, लॅपटॉप काखेत मारला आणि दुकानात आणला. बटण दाबलं. सुरू झाला. पुन्हा दाबलं, सुरू झाला. वीसपैकी वीस वेळा. संध्याकाळी घरी नेला, ताईने सगळं जोडलं, बटण दाबलं, निळा.

मंगळवारी पुन्हा दुकानात. यंत्राच्या आत एक नोंदवही असते, काय केव्हा पडलं ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं, तिला ते लॉग म्हणतात. लॉगमध्ये स्पष्ट होतं की मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर सुरुवातीलाच कोसळतो. एकेकरावांनी तो पूर्ण काढून तोच नव्याने बसवला. वीसपैकी वीस. घरी निळा. जुना का टाकून बघत नाही, असं मी माझ्या अडाणीपणाने विचारलं. ते म्हणाले, नव्याच्या माहितीत लिहिलंय की सुरू होतानाचे दोष यात काढून टाकलेत. दोष काढलेला सोडून दोष असलेला कोण घालेल? मला पटलं.

बुधवारी छोट्या कार्डाचा ड्रायव्हर. गुरुवारी झटपट सुरू व्हायची सोय बंद करून पाहिली. शुक्रवारी आणखी खोल कुठेतरी हात घातला, त्याचं नाव मला सांगता येणार नाही. रोज सकाळी लॅपटॉप काखेत, रोज संध्याकाळी परत. दुकानात तो शहाण्यासारखा वागायचा आणि घरी पाऊल टाकलं की अंगात आल्यासारखा करायचा. आठवडा संपेपर्यंत चार जबडे दुसऱ्या लॅबकडे गेले. त्यातल्या एकाचा डॉक्टर ताईला आठ वर्षं काम देणारा, त्याने फोनवर फार गोड बोलून काम काढून घेतलं. ताईने फोन ठेवला आणि कोरायचं यंत्र पुसायला घेतलं. स्वच्छच होतं ते.

मग एकेकरावांना घराचा संशय आला. घरच्या विजेतच काहीतरी आहे. वायरमन बोलावला. त्याने सगळी सॉकेटं उघडली, लावली, चहा घेतला आणि म्हणाला, "तुमच्या घरची वीज माझ्या घरापेक्षा चांगली आहे." मग एकेकरावांनी घरातल्या वस्तू एकेक करून दुकानात आणायला सुरुवात केली. सोमवारी चार्जर, मंगळवारी माऊस, बुधवारी प्लगांची पट्टी. मी काचेतून बघत होतो. ताईचं टेबल हळूहळू माझ्या शेजारी राहायला येत होतं.

"तो मोठा स्क्रीन राहिला," मी म्हणालो. ताईच्या टेबलावर लॅपटॉपला एक मोठा स्क्रीन जोडलेला होता.

"स्क्रीन काय करतो? आरसा आहे तो. समोर येईल ते दाखवतो बिचारा."

खरं सांगायचं तर त्या दहाव्या दिवशी मला त्यांचा राग यायला लागला होता. यंत्राचा नाही, त्यांचा. बायको घर सोडून पाच दिवस सहा तासांवर राहायला निघाली आहे, आणि हा माणूस प्लगांची पट्टी वीस वेळा चालू-बंद करतो आहे. अहो, तोंड उघडा ना! नको जाऊस म्हणायला कुठला ड्रायव्हर लागतो? पण मी लहान, आणि नवरा-बायकोच्या मधे पडलो की ताई पहिली माझ्यावरच उलटते, हा अनुभव आहे. मी मूग गिळून भिंगं घासत बसलो.

गुरुवारी, म्हणजे शनिवार दोन दिवसांवर असताना, मी चहा घेऊन पलीकडे गेलो. एकेकराव वही उघडून बसले होते. ताईच्या पानाचा खालचा भाग संपला होता. अगदी बारीक अक्षरात अकरा प्रयोग, शेवटचे दोन समासात आडवे लिहिलेले. बाराव्याला जागा नव्हती म्हणून ते पट्टीने दुसऱ्या कागदाचा तुकडा मापत होते.

"एवढी जागा आहे की वर," मी म्हणालो.

"कुठे?"

"ही काय. वरचा अर्धा भाग कोराच आहे."

चष्मेवाल्याला कोरा कागद लांबूनच दिसतो. एकेकरावांनी पानाकडे पाहिलं. वर यंत्राचं नाव होतं, तारीख होती आणि त्याखाली काहीच नव्हतं. बावीस वर्षांतल्या सगळ्या पानांवर वरचा भाग भरलेला होता, अगदी त्या खोटारड्या वकिलाचाही. इथे एक ओळ नव्हती.

मला तेव्हा गप्प बसता आलं नाही. "रस्त्यावरून आलेल्या कुणालाही स्टुलावर बसवता, आणि ताईला एक प्रश्न नाही विचारला?"

"तिचा लॅपटॉप मीच निवडला," ते म्हणाले. "मीच सगळं भरून दिलं. त्यातलं मला माहीत नाही असं काही..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अर्धं वाक्य सोडलेलं मी त्यांचं पहिल्यांदाच ऐकलं. चहा गार झाला तरी ते पानाकडेच बघत होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. मला हाक मारली, "मेहुणे, जरा ते स्टूल घ्या." स्वतः त्यांनी वही, लॅपटॉप आणि बाकीचा संसार घेतला. दोन गल्ल्या मी डोक्यावर स्टूल घेऊन चाललो. पुठ्ठ्याची घडी विसरली म्हणून त्यांनी मला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. मी गेलो. त्या दिवशी मी कशालाही नाही म्हटलं नसतं.

ताई मागच्या खोलीत होती. टेबलावर मोठा स्क्रीन काळा पडलेला आणि त्याच्यासमोर ते पत्र, सोबत कोरा कागद. एकेकरावांनी स्टूल ठेवलं, पायाखाली पुठ्ठा सरकवला, हलतं का ते बघितलं आणि म्हणाले, "बस."

"मी?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. ती बसली.

"हे कधीपासून होतंय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"माझं राहू दे. तुझ्या शब्दांत सांग."

ताईने त्यांच्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लेकीकडून आलो त्या सोमवारपासून." एकेकरावांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "त्याआधी पूर्ण बंद कधी केलं होतं?"

"लेकीकडे जाताना केलं होतं. त्याआधी, थांबा हं, तीन आठवडे तरी केलं नव्हतं. मी झाकणच मिटते नुसतं. दात अर्धे असतात ना उघडे, बंद कुठे करत बसू?"

एकेकरावांचं पेन थांबलं. मग पुन्हा चाललं. "काय काय जोडलेलं असतं?"

"चार्जर, माऊस, आणि हा." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्याची वायर काढली की सुरू होतो तो. सुरू झाल्यावर लावली तरी चालतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

एकेकरावांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"सांगितलं का नाहीस?" एकेकराव इतक्या हळू म्हणाले की प्रश्न वहीला विचारला असं वाटलं.

"सांगितलं. मंगळवारी सकाळी, तुम्ही चपला घालत होतात. म्हटलं, अहो, स्क्रीनची वायर काढली की... तुम्ही म्हणालात, लॉगमध्ये दिसेल सगळं. बुधवारी म्हटलं, राहू द्या इथेच, मी चालवून घेते. तुम्ही म्हणालात, अर्धवट बरं झालेलं यंत्र मी कुणाला देत नाही. मग नाही सांगितलं. कितीदा सांगायचं माणसाने?"

त्यांनी हे सगळं लिहिलं. 'चपला घालत होतात' हेसुद्धा. मी वाकून पाहिलं. मग ते चौथ्या प्रश्नावर आले आणि मला वाटतं तो प्रश्न तोंडातून निघायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं होतं, कारण त्यांनी घसा साफ केला.

"याआधी कुणी हात लावला?"

"तुम्ही," ताई म्हणाली.

आणि मग मलाही आठवलं. सव्वा महिन्यापूर्वी मी ताईचे डोळे तपासले होते. नंबर वाढला होता. मी भाऊजींना म्हणालो होतो, तिला जरा मोठा स्क्रीन घेऊन द्या, डोळे फोडते आहे ती. त्याच संध्याकाळी ते स्क्रीन घेऊन आले. त्यांनी तो जोडला, आणि मोठ्या स्क्रीनवर दात चांगले दिसावेत म्हणून त्याच बैठकीत मोठ्या कार्डाचा नवा ड्रायव्हरही टाकला. एका संध्याकाळी दोन गोष्टी. बावीस वर्षांत एकदाच, घरी, बायकोला खूश करायला, जिथे वही नव्हती तिथे. त्यानंतर तीन आठवडे ताईने लॅपटॉप पूर्ण बंदच केला नाही, म्हणून दोष झाकणाखाली झोपून राहिला.

एकेकरावांनी स्वतःचं नाव लिहिलं. मग उठले. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला स्क्रीनची वायर जोडायची ती जागा थेट मोठ्या कार्डाला जाते. डाव्या बाजूला एक आहे, ती छोट्या कार्डाकडून जाते. त्यांनी वायर उजवीकडून काढून डावीकडे लावली. बाकी कशाला हात लावला नाही. बटण दाबलं. चिन्ह आलं, गोल फिरला, आणि दोन्ही पडद्यांवर ताईच्या जबड्यांच्या फायली येऊन बसल्या.

मी टाळी वाजवणार होतो, पण ते बंद करून पुन्हा सुरू करत होते. वीस वेळा. मग वायर पुन्हा उजवीकडे लावली आणि जुना ड्रायव्हर टाकला, त्याचेही वीस. तोही सुरू झाला. नवा ड्रायव्हर एकटा निर्दोष होता, स्क्रीन एकटा निर्दोष होता. दोघांची गाठ सुरुवातीच्या त्या एका क्षणी पडली की घोटाळा. या सगळ्याला दीड तास लागला आणि ताई पूर्ण वेळ स्टुलावर बसून होती. कामाला लागली नाही. पत्राकडेही बघत नव्हती.

"झालं," एकेकराव म्हणाले आणि सहीसाठी वही तिच्याकडे फिरवली.

"एक प्रश्न राहिला तुमचा."

त्यांनी वही परत स्वतःकडे घेतली. "आणखी काही सांगायचंय?"

"मला जायचं नाहीये," ताई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नव्हतं जायचं. मशीन चालो नाहीतर बंद पडो. पण तू जाऊ नकोस असं मला कुणी म्हणालं नाही. बारा दिवस मी वाट बघितली. म्हणजे माझीच चूक, मी बोलायला हवं होतं. लिहा."

त्यांनी लिहिलं. मी निघायला हवं होतं, पण दाराकडे जायचा रस्ता त्या दोघांच्या मधून होता. ताईने सही केली. मग ती उठली, वही आपल्याकडे ओढली, पेन आपल्याच हातात ठेवलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बसा."

एकेकराव बसले. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसले, सगळी गिऱ्हाइकं बसतात तसे.

"काय होतंय?" ताईने विचारलं. हा प्रश्न त्यांच्या यादीत नाही.

मला वाटलं, पाच महिने लागणार.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

ताईने ते लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, आणि मान वर न करता विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"पहिलं पत्र आलं तेव्हापासून."

पहिलं पत्र येऊन चार वर्षं झाली होती. ताईने तारीख घातली.